काच घेतली

"आन् शिंक आली तर?" कोंडिबाने विचारले.

स्वानंदने खेळाच्या नियमांच्या झेरॉक्समधून मान वर काढली. "शिंकेचं काय लिहिलं नाही यात, काका."

"बरं, गांधीलमाशी चावली तर?"

"मग मार बसला. मार बसला की लक्ष तुटलं, आणि लक्ष तुटलं की मंत्र गेला."

"पुन्ना पयल्यापासनं?"

"छे! गेला म्हणजे गेलाच."

कोंडिबाने समाधानाने मांडी ठोकली. नियम त्याला भलताच पटला होता.

दर रविवारी कोंडिबाची लेक राजलक्ष्मी आणि तिचे दोस्त स्वानंदच्या सानपाड्याच्या फ्लॅटवर जमत. आज तिथे पाहुणे उतरले होते, म्हणून खेळ दिघ्याला, राजलक्ष्मीच्या खोलीत आला. त्यात जादूगार होणारा कुलदीप टायफॉइडने आडवा झालेला. प्रसाद आपला गमतीत म्हणाला, "काका, बसता काय?" आणि काका लोखंडी स्टूल ओढून बसलेसुद्धा! राजलक्ष्मीची पंचाईत झाली. बाप-लेकीचं बोलणं कामापुरतं. चहा ठेवलाय, किल्ली खिळ्याला आहे, एवढंच.

खेळ साधाच. स्वानंद गोष्ट सांगणार, बाकीचे आपापला माणूस काय करतो ते बोलणार, नशीब वीस बाजूंच्या फाशावर. फरशीवर खडूने दरी काढली होती. पलीकडे जायला निघालेले चाळीस गावकरी म्हणजे चिंचोके, जादूगार म्हणजे सोड्याच्या बाटलीचं झाकण. राजलक्ष्मीची तलवारवाली होती कॅरमची लाल राणी. जादूगाराने उजेडाचा पूल घातला होता, आणि त्याचं मन पुलावर असेल तोवरच पूल टिकणार होता.

"बोललं तर चालतं?"

"थोडं. पण दुसरा मंत्र नाही. एका वेळी एकच."

"आसंच पायजे. दोन काचा येका डोळ्यानं बगता येत न्हाईत."

"कसल्या काचा?" प्रसादने विचारले.

कोंडिबाची कळी खुलली. घरात त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. "बॉयलरला काचंची नळी असती. आतलं पानी तीत दिसतं. पानी उतरलं आन् ध्यान नसलं, तर बॉयलर फुटतो. सव्वीस वर्सं ती काच बगितली म्या. पुडच्या पाळीचा गडी येऊन 'काच घेतली' म्हनत न्हाई तवर मान वळवायची न्हाई. सायब आला तरी न्हाई."

"घरून निरोप आला तरी नाही," राजलक्ष्मी म्हणाली. ती फाशाकडे बघत होती.

पोरांना काही कळलं नाही. कोंडिबाला मात्र कळलं.

सात वर्षांपूर्वी दुपारी सव्वादोनला कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन धावत आला होता. काशीवहिनींचं काही खरं नाही, दवाखान्यात या. बदलीचा माणूस चार वाजता आला. काशी साडेतीनला गेली. चौदा वर्षांची राजू बाकावर एकटी बसलेली होती, मांडीवर आईच्या चपला घेऊन. तिने त्याला काही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बापाला बॉयलर आईपेक्षा मोठा, हे तिने मनाशी पक्कं करून टाकलं. तिने एकदा तरी विचारावं एवढीच त्याची इच्छा होती. आपण होऊन सांगायला तोंड नव्हतं.

"राक्षस आले!" स्वानंदने तीन काळ्या सोंगट्या पुढे सरकवल्या. "तिघं. राजू एकटी आहे अलीकडे. राजू, तुझ्यात जीव किती?"

"दोन."

"संपलं! काका, आगीचा मंत्र टाका. तिघं पण जळतील, राजू वाचेल."

"आन् पूल?"

"पूल जाईल. टेन्शन नको, चिंचोकेच आहेत ते," प्रसाद म्हणाला.

कोंडिबा खडूच्या रेघेकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता. "किती हायत अजून पुलावर?"

स्वानंदने मोजले. "अठरा."

"मग न्हाई सोडत."

"अहो काका, तुमची मुलगी आहे ती!"

"ठावं हाय मला." तो रेघेवर आणखी वाकला. "न्हाई सोडत म्हनलं ना."

राजलक्ष्मीने फासा उचलला, पण टाकला नाही.

"आबा," ती म्हणाली, "त्या दिवशी किती होते?"

कोंडिबाने मान वळवली नाही. "शेजारच्या शेडात बेचाळीस. प्याकिंगच्या बायाच जास्त. वॉचमनला म्हनलं, मानूस धाड, कसाबी धाड. भट्टीतली आग वडून काढली तरी वाफ लगीच बसत न्हाई, पोरी. पावनेदोन तास म्या नळीत पानी बगत हुतो, आन् मला तुजी आय दिसत हुती."

राजलक्ष्मीने फासा टाकला. वाचायला पंधरा हवे होते, चार पडले. तिने स्वतःच लाल राणी उचलून बाजूला ठेवली.

स्वानंदने उरलेले चिंचोके एकेक करून पलीकडे नेले. शेवटचा नेल्यावर तो हळूच म्हणाला, "झालं, काका. सगळे पोचले. सोडा आता."

कोंडिबा हलला नाही. हात गुडघ्यांवर, नजर रेघेवर. प्रसादने चहा पुढे केला, तोही त्याने घेतला नाही.

राजलक्ष्मी उठली. स्टुलाच्या बाजूला, त्याच्या खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिली आणि तीही त्या रेघेकडे बघू लागली.

"काच घेतली, आबा."

तेव्हा कुठे त्याची मान वळली. त्याने कोरडेच हात लुंगीला दोनदा पुसले, स्टुलावरून उठला आणि तिला जागा करून दिली.