ॲन्सेलने उघडलेला चाकू

शनिवारी कोर्टासमोरच्या बाकांवर चाकूंची अदलाबदल चालते. डेल्फिया तिथे आली ती टॉवेलात गुंडाळलेली वस्तू दोन्ही हातांवर धरून, नैवेद्याचं ताट आणावं तशी.

"बर्चेलभाऊ, याचं काय येईल ते सांग."

बर्चेलची हयात चाकू पारखण्यात गेलेली. त्याने टॉवेल उलगडला आणि झटकन हात मागे घेतला. "अगं ताई, उघडाच आणलास? बोट गेलं असतं माझं!"

"ॲन्सेलने उघडलाय तो."

बर्चेलने मान डोलावली. ज्याने चाकू उघडला त्यानेच तो मिटायचा, दुसऱ्याने मिटला तर दोघांत अंतर पडतं, हे या डोंगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि ॲन्सेल, तिचा नवरा, तर ओसरीवर सफरचंद सोलता सोलताच गेला होता. तेव्हापासून चाकू खिडकीत तसाच उघडा. डेल्फिया धूळ पुसायची तीसुद्धा पात्याला वळसा घालून. आता लेक तिला ओहायोला घेऊन चालली होती. लेकीच्या घरी रांगती जुळी, तिथे उघडं पातं कसं चालणार? मग उघडाच विकून टाकावा, म्हणजे मिटायचं पाप आपल्या माथी येणार नाही, असा तिने मनाशी हिशेब केला होता.

बर्चेलने भिंग डोळ्याला लावलं. "मूठ हाडाची. ही हिरवट छटा बघ, असं हाड आता कोणी रंगवत नाही. आणि ठसा... हॅझलकिल! हा कारखाना आपल्या लहानपणीच बंद पडला. कोरा असता तर तुझे पाय धरून मागितला असता. पण तुझ्या नवऱ्याने घासघासून पातं निम्मं केलंय की!"

"धार लावताना गायचा ना तो. भजन संपेपर्यंत हात थांबायचा नाही. आणि आपल्या चर्चातली भजनं तुला माहीत आहेत."

"माहीत आहेत तर! दुपारचं जेवण चुकतं त्यांच्यापायी."

दोघंही हसली.

"तरी चाळीस डॉलर कुठे गेले नाहीत," बर्चेल म्हणाला. "स्प्रिंग चांगली असली तर साठ. पण ते मिटल्याशिवाय कळायचं नाही. मिटू?"

"नको!"

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. बर्चेलने आवाज खाली आणला. "ताई, घेणारा मिटणारच ना. घरी नेल्यावर पहिलं तेच करेल."

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कुणी परका माणूस, कुठल्याशा स्वयंपाकघरात, रेडिओ ऐकता ऐकता, सहज.

तिने टॉवेलाचं टोक सारखं केलं.

"भाऊ, लग्नात उपदेशक गाऊन सांगतात, दोघांचा एक देह झाला म्हणून. ते मरणानंतरही धरायचं का? म्हणजे माझा हात तोच त्याचा?"

"ते मी कोण सांगणार?" बर्चेल म्हणाला. "पण माझी बायको गेली, त्यालाही वर्षं झाली. मी अजून धरतो."

डेल्फियाने चाकू उचलला, डोळे मिटले आणि पातं दाबलं. ते गंजाने कुरकुरलं, अडलं, आणि मग खट्कन बसलं.

"वा! स्प्रिंग काय बोलली! साठ, हे घे!"

"विकायचा नाही रे आता."

तिने तो उघडायला पात्यावरच्या खाचेत नख घातलं. निसटलं. पुन्हा घातलं, पुन्हा निसटलं. इतक्या वर्षांत तिच्यावर तो उघडायची वेळच आली नव्हती. हाक मारली की माणूस यायचा.

"आण इकडे, मी उघडून देतो."

"नको बाबा," डेल्फिया म्हणाली, "मग तुलाच मिटावा लागेल."

तिने तो कोटाच्या खिशात टाकला आणि टॉवेलाची घडी करत एकटीच उतार उतरू लागली.