निळ्या जीपचे दिवे

रविंद्र जीप विकणार, ही गोष्ट घाटघरात कुणाला खरी वाटेना. घाटघर ते जुन्नर वडाप करणारा, जीपमध्ये प्रवासी भरून ने-आण करणारा हा गडी. बायकोपेक्षा त्याचा जीपवरच जास्त जीव, असं गाव म्हणायचं, आणि बायकोही म्हणायची.

खरं कारण त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. जयंतीच्या मिरवणुकीनंतर त्याला अंधारात रस्ता नीट दिसेनासा झाला होता. शेवटची फेरी करून परतताना चावंडच्या पुढे दिव्यांचा उजेड पिवळट, आजारी वाटायचा. वळण अंगावर आल्यावरच कळायचं. त्याने गुपचूप बल्ब बदलले. बॅटरी तपासून आणली, ती ठणठणीत निघाली. तरी उजेड तसाच! मग गाडी चांगली असेल तर दोष कुणाचा, हा हिशेब त्याने स्वतःच मांडला आणि स्वतःच हादरला. त्याच्या वडिलांना, सोमाजींना, चाळिशीत रातांधळेपणा आला आणि पुढे दिवसाही दिसेनासं झालं. लहानपणी काठीचं एक टोक वडिलांच्या हातात आणि दुसरं याच्या, असे दोघं लग्नकार्याला जायचे. आता रविंद्रलाही चाळिसावं लागलं होतं.

डॉक्टरकडे जायची त्याची छाती होईना. "तुला माझे दिवे कसे दिसतात रे?" असं कुणाला विचारायचीही होईना. न जाणो, तो म्हणायचा, झकास दिसतात की! भीती अशी बसली की लोडशेडिंग झालं की तो घरातही भिंत धरून चालू लागला. मागे माणसं भरून घाटात असल्या डोळ्यांनी गाडी हाकायची? त्यापेक्षा विकलेली बरी. यशोधराला त्याने एवढंच सांगितलं, "धंदा परवडत न्हाई." एरवी मिठाच्या पुडीवरून भांडणारी बायको नुसतं "बरं" म्हणाली. ते त्याला फार लागलं.

निमगाव सावाचे हौशीराम गाडी बघायला जुन्नरला आले तेच दिवेलागणीला. गोरखच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानासमोर जीप उभी होती. हौशीरामांनी टायरांना लाथा घालून पाहिल्या, सीटवर दणादण बसून पाहिलं आणि मग म्हणाले, "दिवं लावा बरं."

रविंद्रने लावले. समोरच्या भिंतीवर दोन पिवळे डाग पडले.

"काय राव, ह्ये दिवं हायेत का पणत्या? लई बारीक!"

"तुमाला बी बारीक दिसत्यात?"

"आवो, आंधळ्याला बी कळंल!"

रविंद्रने खाली उडी मारली आणि हौशीरामांना कडकडून मिठी मारली. मालाला नावं ठेवल्यावर असा खूश होणारा विकणारा हौशीरामांनी जन्मात पाहिला नव्हता. हा घेऊन आलाय की काय, म्हणून त्यांनी त्याच्या तोंडाचा वासही घेतला.

"गोरखभाऊ, बघा हो!" रविंद्र ओरडला. "गाडीच बिघडलीय!"

गोरखने दोन वायरींचा छोटा बल्ब लावून तपासलं. करंट दिव्यापर्यंत नीट पोचत होता. मग त्याने बॅटरीच्या मायनसपासून एक लांब वायर ओढली आणि दिव्याच्या काळ्या वायरीला टेकवली. भिंत पांढरीफटक झाली. तिच्यावरची जुनी, पुसट झालेली खताची जाहिरात रविंद्रने अक्षर न् अक्षर वाचली. मोठ्याने वाचली. वायर काढली की उजेड पुन्हा मलूल.

"अर्थ भेटत न्हाई," गोरख म्हणाला. "करंट येतोय, पर पत्र्यातनं माघारी बॅटरीला जायाला वाट न्हाई. रंग कुणी दिला गाडीला?"

"आमीच. जयंतीला."

मिरवणुकीत जीप पुढे राहणार, म्हणून रविंद्र-यशोधराने दिवे, जाळी सगळं खोलून निळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. पत्र्याचा कोपरा सोडला नव्हता. अर्थची वायर बोल्टने जिथे पत्र्याला आवळतात, तिथेही जाड थर होता, आणि त्या थरावरच रविंद्रने बोल्ट जीव खाऊन आवळला होता. "रंगातनं करंट जातोय व्हय?" म्हणत गोरखने बोल्ट काढला, तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला आणि वायर परत बसवली. दिवे लख्ख लागले.

"आता बोला, कितीला देता?" हौशीराम पुढे सरसावले.

"आता न्हाई द्यायची, पावणं. च्या घ्या."

परतताना चावंडच्या पुढे रस्त्यावरचा दगड न् दगड दिसत होता. एका वळणावर गाडी बाजूला घेऊन रविंद्र पोटभर रडला आणि मग हसत हसत घरी आला. घाटघरात लाइट गेली होती. यशोधरा कंदील घेऊन दारात उभी होती. जीपचा झोत थेट तिच्या तोंडावर पडला.

"बंद करा की! डोळं दिपलं माझं!"

त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. बल्ब, रंग, बोल्ट. ती उंबऱ्यावरच बसली.

"म्हंजी तुमचं डोळं..." तिने पदर तोंडाला लावला. "तुमाला भिताड धरून चालताना रोज बघत व्हते मी. मामांजींवानी व्हणार, आसं वाटलं. गाडी विकतो म्हणला, म्हणून तर गप ऱ्हायले."

तेव्हा कुठे रविंद्रला आठवलं. या दिवसांत जेवताना कंदील रोज त्याच्या ताटाशी असायचा, पाण्याचा तांब्या ठरलेल्या जागेवरून हलायचा नाही, आणि वाटेतली घमेली, पाट्या कधीच्याच उचललेल्या होत्या. तो तिच्याशेजारी बसला. दिवे बंद करायला उठू लागला, तर तिने हात धरून त्याला खाली ओढलं.

"ऱ्हाऊ द्या जरा," ती म्हणाली, आणि कंदील विझवला.