सोपानरावाची हाउसवॉर्मिंग

सोपानरावानं रहाटणीत तीन खोल्यांचं घर बांधलं आणि वास्तुशांत करणार नाही म्हणून जाहीर केलं. "हाउसवॉर्मिंग करणार," म्हणाला.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. कंपनीत तो नुकताच सुपरवायझर झाला होता, मी त्याच्याच हाताखाली फिटर. आम्ही दोघं चिंचवड स्टेशनजवळ इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जायचो. तिथं सयाजी मास्तरांनी समजावलं होतं, की थंड मुलखात कुणी नव्या घरात राहायला गेलं की शेजारीपाजारी सरपण घेऊन येत, घर उबदार करत. पाव आणि मीठही नेत, घरात कुणी उपाशी राहू नये, जगणं अळणी होऊ नये म्हणून. सोपानरावानं त्यातलं एवढंच उचललं, की पाहुण्यांना खोल्या दाखवायच्या, केक कापायचा आणि 'मेक युवरसेल्फ ॲट होम' म्हणायचं. बाकी सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं. डोक्यावरून त्याच्या पुष्कळ जायचं, पण टाय मात्र झकास बांधायचा.

"होमाचा धूर कोण सहन करणार, दत्तोबा? भिंतींना डिस्टेंपर दिलाय," तो मला म्हणाला. "आणि मॅनेजरसाहेब येणार. त्यांच्यासमोर मी सोवळं नेसून पाटावर बसू?"

बस की, काय बिघडतं, असं मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कालच बैलगाडीतून उतरलोय.

त्याची आई अंबूबाई बार्शीकडून आदल्या दिवशीच आली होती. येताना ज्वारी, मीठ आणि हळकुंडं फडक्यात बांधून आणलेली. सोपानरावानं ते गाठोडं स्वयंपाकघरात ढकललं आणि आईलाही तिथंच बसवलं. "पार्टी संपली की बाहेर ये," एवढंच सांगितलं. त्याची बायको कौशल्याबाई ओठ घट्ट मिटून बशा पुसत होती.

रविवारी दुपारी शेजारपाजारची मंडळी जमली, मग मॅनेजरसाहेब आणि त्यांच्या बाई आल्या. दोघांनी दारातच चपला काढल्या.

"नो, नो, सर! शूज चालतील!" सोपानराव धावला.

साहेब अनवाणीच आत आले. बाईंच्या हातात खण-नारळ होता. त्यांनी चौफेर पाहिलं आणि विचारलं, "पूजा कुठं मांडलीय?"

सोपानरावानं त्यांना केक दाखवला.

बाईंना चतुर्थीचा उपास होता. साहेबांनी एक तुकडा हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. मग सोपानरावानं खोल्या दाखवल्या. ही बेडरूम, हे बाथरूम, हा शॉवर. शॉवर चालूसुद्धा करून दाखवला. साहेब भिंतीला टेकून "छान, छान" म्हणत होते. मी शरमेनं खिडकीबाहेर पाहत राहिलो.

एवढ्यात अंबूबाई स्वयंपाकघराच्या दारापाशी आल्या. माणसं आल्यावर आत दडून बसणं त्यांना जमेना. सोपानराव तेव्हा भरात होता. हात पसरून प्रत्येकाला तेच वाक्य म्हणत होता. त्याच ओघात तो आईलाही म्हणाला, "मेक युवरसेल्फ ॲट होम!"

"काय म्हनतोय ह्यो?" त्यांनी मला विचारलं.

"आपल्याच घरी असल्यासारखं वागा, म्हणतोय."

म्हातारीनं लेकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी हे माज्या लेकाचं घर न्हाई व्हय?"

कुणी हसलं नाही. सोपानराव तेवढा हसला.

अंबूबाई वळल्या, आत गेल्या. गॅस पेटवायला कौशल्याबाईंना सांगितलं, पातेल्यात दूध ओतलं आणि शेगडीवर ठेवलं. मॅनेजरबाई आपणहून आत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे साहेब, मागे आम्ही सगळे. दूध वर आलं, काठाला लागलं, आणि सोपानराव माणसांतून वाट काढत धावला. त्यानं गॅस बंद केला.

"नवी शेगडी आहे!" तो म्हणाला.

दूध खाली बसलं. बाईंच्या तोंडून "अरेरे!" निघालं. अंबूबाई नुसत्या पातेल्याकडे पाहत होत्या. इतकं केविलवाणं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, आणि इतका मूर्ख सुपरवायझरही.

कौशल्याबाईंनी नवऱ्याचा हात बटणावरून बाजूला केला. "तुम्ही बाहेर जा. कुणाला शॉवर बघायचा राहिला असेल, त्याला दाखवा."

त्यांनी पुन्हा काडी ओढली. दूध उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर पसरलं. दोघी सासू-सुनांनी हात जोडले. बाईंनी शेगडीला हळद-कुंकू वाहून नारळ पुढे ठेवला. साहेबांनी केक बशीत ठेवला आणि एक वाटी दूध मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईंना स्टँडवर मीच सोडलं. लेक पहिल्या शिफ्टला गेला होता. कौशल्याबाई राहा राहा म्हणत होत्या.

"तू बोलावलंस तर यीन," म्हातारी सुनेला म्हणाली. लेकाचं नाव तिनं काढलं नाही.

मंगळवारी कँटीनमध्ये सोपानराव दहा जणांना रंगवून सांगत होता, "आईला मीच तयार ठेवलं होतं. साहेबांना म्हटलं, सर, आता आपली पद्धत पाहा!"

माझा चहा अर्धाच झाला होता. तो तसाच ठेवून मी उठलो. त्याला वाटलं, माझी शिफ्ट सुरू झाली.