सगळ्यांची तोंडं भिंतीकडे

“भिंतीकडे तोंड कर आणि घडाघड म्हण बघू,” बाई म्हणाल्या, तशा तपासणीस साहेबांच्या भुवया वर चढल्या, त्या थेट टकलाच्या मध्यावर जाऊन थांबल्या.

पोरगा वळला. वर्ग त्याला ढकलगाडी म्हणे, कारण पहिला शब्द बाहेर यायला चार माणसांचा धक्का लागे. पण भिंतीसमोर त्याची जीभ तेल घातल्यासारखी चाले. अख्खी कविता त्याने एका दमात म्हटली. भिंतीवरच्या पालीनेही मान डोलावली म्हणतात.

“ही काय भानगड, बाई?”

“त्याला लोकांचे डोळे बोचतात, साहेब. भिंतीला डोळे नसतात.”

बाई शिंप्याची लेक. एकाच मापाचे सदरे शिवून गावभर वाटणारा शिंपी उपाशी मरतो, हे त्या वडिलांच्या मशीनखाली रांगतानाच शिकल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी प्रत्येक पोराचं माप घेतलं. कुणाची बेरीज बटणांवर, कुणाचे पाढे येरझाऱ्या घालत. आणि पहिल्या बाकावरची टकमक! तिचे कान जन्मापासून बंद. पापणी न हलवता ती बाईंच्या ओठांवरून शब्द टिपून घेई. फळ्याकडे वळल्या की बाई गप्प. बोलायचं ते तिच्याकडे तोंड करूनच. वार्षिक परीक्षेत पास झाली तर ती याच शाळेत राहणार होती. नाहीतर नदीपलीकडचं वसतिगृह, जिथे असल्या मुलींना दिवसभर कागदी पिशव्या चिकटवायला बसवत.

“पोरगी तुमच्या पदरात घातलीय, बाई,” तिची आई म्हणाली होती. “तिकडं नका जाऊ देऊ.”

“मी आहे ना,” बाई म्हणाल्या होत्या.

साहेब भलतेच खूश होऊन गेले. महिन्याभरात परिपत्रक आलं: ‘प्रत्येक विद्यार्थ्याच्या वेगळ्या गरजेचा विचार करून, यापुढे सर्व विद्यार्थ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसावे.’

चारी भिंतींना बाकं चिकटली. बाई तडक हेडमास्तरांकडे गेल्या.

“टकमकला माझं तोंड कसं दिसणार, सर?”

“अहो, आयडिया तुमचीच! वरून कौतुकाचं पत्र आलंय. आता नाही म्हटलं तर आपलंच हसं.”

“नाही म्हणू नका. एकीला तेवढी सूट द्या.”

“एकीला दिली की उद्या चाळीस जण मागतील. आणि सूट म्हणजे भेदभाव, बाई. तुम्ही तरी असं बोलू नये.”

परीक्षेला साहेब जातीने हजर. प्रश्न तोंडी सांगायचे, उत्तरं कागदावर लिहायची. बाई हळूहळू टकमकच्या बाकाकडे सरकल्या आणि बाक नि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग घुसवू लागल्या.

“बाई! मधोमध उभ्या राहा.”

“साहेब, तिला माझे ओठ दिसायला हवेत.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

“मग प्रश्न चिठ्ठीवर लिहून देते.”

“म्हणजे कॉपी पुरवणार? माझ्यासमोर?” साहेब हसले. “अहो, हे सगळं तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला.”

बाई मधोमध आल्या. पहिला प्रश्न त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितला. मग आवाज चढत गेला. दहावा प्रश्न त्यांनी असा ओरडून सांगितला की शेजारच्या दोन वर्गांनीही त्याचं उत्तर लिहिलं म्हणतात.

टकमकची पाठ ताठ होती. मागे वळून बघायचं नाही, हे तिला महिनाभर छड्या देऊन पक्कं शिकवलं होतं. छड्या साहेबांच्या हुकमाच्या, पण हात बाईंचाच.

घंटा झाली. पोरं कागद टेबलावर टाकून सुसाट पळाली. ढकलगाडी तेवढा टकमकच्या बाकाशी थांबला, त्याने तोंड उघडलं, मान दोनदा हिसडली आणि तोही निघून गेला. साहेब कागदांचा गठ्ठा बांधू लागले.

“एक कागद कमी आहे,” ते म्हणाले.

टकमकने नाव लिहिलं होतं, तारीख घातली होती, समास आखून खाली ‘१’ हा आकडा काढला होता. त्याच्यापुढे पेन्सिलचं टोक टेकवून ती भिंतीकडे बघत बसली होती, परीक्षा सुरू व्हायची वाट पाहत.