एसीची जाळी

“गॅस भरून मागता तर भरून देतो, पण दोन-चार दिवसांत पुन्हा उडून जाईन तो,” बोनेटमध्ये वाकलेला योगेश म्हणाला. “पहिले लीक कुठं हाय ते पाहू द्या.”

ऋषिकेशनं वळून भिवाजीकडे पाहिलं. “मागच्या महिन्यातच गॅस भरला ना? तुम्हीच घेऊन गेले होते गाडी.”

“हो. माह्यासमोरच भरला.”

“भरला, का भरला म्हणून सांगितलं?”

भिवाजी बोनेटकडे पाहू लागला. हा पोरगा दप्तर घेऊन शाळेत जायचा तेव्हापासून तो या घरची गाडी चालवत होता. कालपर्यंत ऋषिकेश त्याला भिवाजीकाका म्हणायचा. आज पांढुर्ण्याहून निघाल्यापासून काका हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता, आणि ते भिवाजीच्या ध्यानात आलं होतं.

मे महिन्याची दुपार होती. सौसरमधलं योगेशचं गॅरेज म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजूंनी विटा. आतल्या कूलरसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर ऋषिकेशचे वडील, बापूजी, बसले होते. पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत एके काळी बापूजींनी बोललेला भाव दिवसभर चालायचा. आता व्यवहार ऋषिकेश पाहत होता, आणि बापूजींना दर महिन्याला नागपूरला डॉक्टरकडे न्यावं लागत होतं. मागच्या खेपेला वाटेतच एसी बंद पडला. काटोलच्या पुढे बापूजींची मान एका बाजूला कलंडली. भिवाजीनं गाडी झाडाखाली घेऊन त्यांच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली, तेव्हा कुठे ते डोळे उघडून बोलले. त्यानंतर भरलेला गॅसही महिन्याभरात उडाला, आणि परवा पुन्हा जायचं होतं. म्हणून आज काहीही करून एसी नीट व्हायला हवा होता. बापूजींना घरी ठेवायचं ठरलं होतं, पण गाडी निघताना ते आपण होऊन मागे येऊन बसले. गाडी माझी आहे, मी येणार, एवढंच म्हणाले.

योगेशनं निळा आणि लाल, असे दोन पाइप गाडीला लावले आणि दाबाच्या घड्याळाचे काटे पाहिले. कंप्रेसर चांगला होता, पंखाही फिरत होता. आत गॅसच नव्हता. मग त्यानं सिलेंडरमधून नायट्रोजनचा दाब सोडला आणि साबणाचा फेस एकेका जोडावर मारत गेला. कुठेच बुडबुडा येईना. शेवटी त्यानं पुढचा बंपर उतरवला, रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवर, कंडेन्सरवर, फेस मारला, आणि खालच्या कोपऱ्यात बारीक बारीक बुडबुडे फुगू लागले.

“सापडलं,” तो म्हणाला. मग हातानं फेस पुसून त्यानं जाळी जवळून पाहिली. “पण भैया, हा कंडेन्सर कंपनीचा नाही.”

“म्हणजे?”

“डुप्लिकेट हाय. बसवायचे कान पाहा ना, हातोडीनं ठोकून बसवलेत. खाली पत्र्याले घासू घासू भोक पडलं. पहिले बदलला होता का तुम्ही?”

“आम्ही कायले बदलू?” ऋषिकेश म्हणाला. “शोरूममधून घेतली तेव्हापासून आमच्याकडेच आहे गाडी.”

योगेश थोडा घुटमळला. दोघांच्या मधे आपण कशाला पडा, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. “असा कोणी उगाच नाही बदलत,” तो हळूच म्हणाला. “एक तर गाडी कुठं ठोकली असन. नाही तर चांगला काढून कोणी हा लावला असन.”

ऋषिकेश भिवाजीसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि त्यानं तो चढवलाही नाही.

“काय झालं होतं?”

भिवाजीला सगळं माहीत होतं.

थंडीचे दिवस होते. बापूजींना घेऊन तो तिगावच्या बगीच्यात संत्र्याचा बहार पाहायला निघाला होता. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ऋषिकेशनं बापूजींचं गाडी चालवणं बंद केलं होतं. गाव मागे पडल्यावर बापूजी म्हणाले, चावी दे, रस्ता मोकळा आहे, दहा मिनिटं चालवतो. भिवाजीनं आधी ऐकलं नाही. मग ते काही न बोलता खिडकीबाहेर पाहत बसले, आणि ते त्याच्यानं पाहवलं नाही. त्यानं चावी दिली. वळणावरच्या लहान पुलाचा कठडा त्यांना दिसलाच नाही. लागलं कुणाला नाही, पण गाडीचं तोंड आत गेलं. रिषीले सांगू नको, बापूजी म्हणाले. ऋषिकेश त्या आठवड्यात कामानिमित्त इंदूरला होता. नागपूरच्या एका ओळखीच्या, पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या डेंटरकडे तीन दिवसांत गाडी होती तशी करून आणली. त्या डेंटरनं आत कुठली जाळी बसवली, ते ना बापूजींनी पाहिलं, ना भिवाजीनं. थंडीत एसी कोण लावतो?

घरी भिवाजीच्या बायकोनं, शकुबाईनं, मात्र तेव्हाच त्याला सांगून ठेवलं होतं, “मोठ्यायचं झाकून ठेवता, एक दिवस तुमच्याच अंगावर येईन.”

आता भिवाजीनं कूलरसमोरच्या खुर्चीकडे पाहिलं. “बापूजी, तुमीच सांगा.”

“काय सांगू?”

“थंडीतलं. तिगावच्या रस्त्यावरचं.”

बापूजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली. “मले काय माहीत, बापा? गाडी तुह्या ताब्यात असते.”

“तिगावच्या रस्त्यावर काय?” ऋषिकेशनं विचारलं.

“काही नाही,” भिवाजी म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याला कळलं की यापेक्षा वाईट उत्तर दुसरं नव्हतं. पण आता खरं सांगायचं तर गॅरेजात चार माणसांसमोर बापूजींना खोटं पाडावं लागणार होतं. आणि चावी कोणी दिली, हा प्रश्न पुढे होताच.

नवा कंडेन्सर नागपूरहून बसनं मागवला. बस यायची वेळ झाली तशी भिवाजी सवयीनं उठला, तेव्हा ऋषिकेश म्हणाला, “तुम्ही बसा. मी आणतो.” योगेशची मोटरसायकल घेऊन तो स्वतः गेला. जाताना योगेशला बजावून गेला, “जुना कंडेन्सर डिकीत ठेव. तो मला पाहिजे.”

भिवाजीनं बापूजींजवळ एक स्टूल ओढला. “बापूजी, आता रिषीभाऊ इथं नाही. तुमाले खरंच आठवत नाही का?”

“भिवाजी,” बापूजी कूलरकडेच पाहत म्हणाले, “तू असं करशीन, हे मले वाटलं नव्हतं.”

भिवाजीनं त्यांचा चेहरा निरखून पाहिला. मंडीत भाव ठरताना रुमालाखाली बोटं दाबली जायची, तेव्हा समोरच्याला काही म्हणता काही कळू न देणारा हा माणूस. तोंडावरची सुरकुती हलू न देता त्यांनी आयुष्यभर माल घेतला आणि विकला. आताही तसंच चाललं नसेल कशावरून? पोराच्या धाकानं अंग काढून घेऊन राहिले आणि मले पुढं करून राहिले, असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांत या माणसाबद्दल असा विचार त्याच्या मनात कधी आला नव्हता. एकदा आला तो जाईना. बापूजींनी पाणी मागितलं, तेव्हा पेला देतानाही तो त्यांच्या डोळ्यांत काही सापडतं का ते पाहत होता.

ऋषिकेश खोकं घेऊन आला. योगेशनं नवा कंडेन्सर बसवला, पंप लावून आतली हवा ओढून घेतली, काटा हलत नाही याची खात्री केली आणि मग गॅस सोडला. गाडी सुरू करून त्यानं थर्मामीटर एसीच्या झडपेत खोचला. पारा भराभर उतरला.

“आता नागपूर काय, मुंबईले न्या,” योगेश म्हणाला.

ऋषिकेशनं भिवाजीपुढे हात केला. “चावी.”

भिवाजीनं चावी दिली. ऋषिकेश चालवायला बसला, आणि पुढचं दार उघडायला गेलेल्या भिवाजीला म्हणाला, “मागे बसा, बापूजींजवळ. घरी गेल्यावर बोलू.”

या गाडीत मागे बसण्याची भिवाजीची ही पहिलीच वेळ. गुडघे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. थंड हवा थेट तोंडावर येत होती. घरी गेल्यावर काय बोलणं होणार, ते त्याला ठाऊक होतं. उद्यापासून येऊ नका, एवढंच. बापूजींना डुलकी लागली होती. ऊन कलतं झालं होतं. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे मागे जात होते, आणि आरशातून ऋषिकेशचे डोळे अधूनमधून त्याच्यावर येत होते.

एका लहान पुलावर गाडी थोडी उसळली. बापूजी दचकून जागे झाले आणि त्यांनी भिवाजीचं मनगट धरलं.

“भिवाजी.”

“जी, बापूजी.”

“लय लागलं का गाडीले?”

भिवाजीनं खिडकीबाहेर पाहिलं. हा तिगावचा रस्ता नव्हता.

“मले कठडा दिसलाच नाही बापा. तू नाहीच म्हणून राहिला होता, मीच चावी मागतली.” ते त्याच्याकडे सरकले. “रिषीले सांगू नको हं. तो मले अंगणाबाहेर निघू देणार नाही. नागपूरले नेऊन नीट करून घेऊ. त्याले समजणार बी नाही.”

पुढे ऋषिकेशची मान ताठ झाली होती. गाडीचा वेग कमी कमी होत गेला.

बापूजींनी आवाज आणखी खाली आणला. “हा समोरचा कोण हाय? भरवशाचा हाय का?”

भिवाजीनं आरशात पाहिलं. या वेळी ऋषिकेशनं नजर तिथं ठेवली नाही.

“भरवशाचा हाय, बापूजी,” भिवाजी म्हणाला.

“बोलून नाही देणार ना रिषीजवळ?”

“नाही. तो नाही सांगणार.”

थोडं पुढे जाऊन ऋषिकेशनं गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवून तो उतरला आणि रस्त्याच्या कडेला पाठमोरा उभा राहिला. एक ट्रक गेला, धूळ उडाली, तरी तो हलला नाही. भिवाजीही उतरून त्याच्या मागे जाऊन थांबला.

“कधीपासून असं चाललं आहे?” ऋषिकेशनं विचारलं.

“इतकं होऊन राहिलं हे मले बी आताच समजलं. मले वाटलं, जाणून करून राहिले. चावी मीच देल्ली होती, रिषीभाऊ. तो माहाच गुन्हा हाय.”

“दुपारी सांगायचं ना मग.”

“सांगतलं असतं तर मानलं असतं का तुमी?”

ऋषिकेशनं तोंडावरून हात फिरवला. वळून गाडीतल्या बापूजींकडे पाहिलं. मग ऋषिकेश म्हणाला, “तुम्ही चालवा. मला जमणार नाही आता.”

भिवाजी पुढे बसला. ऋषिकेशच्या लांब पायांसाठी मागे गेलेली सीट त्यानं ओढून घेतली आणि आरसा नीट केला. ऋषिकेशनं मागचं दार उघडलं तेव्हा बापूजींनी घाईनं धोतर सावरलं आणि अंग चोरून जागा करून दिली.

“या, बसा बसा,” ते आदरानं म्हणाले. “पांढुर्ण्यालेच जाऊन राहिलो आमी. सोडून देऊ तुमाले.”

ऋषिकेश त्यांच्याशेजारी बसला. भिवाजीनं दार लागल्याचा आवाज ऐकला, गिअर टाकला आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.