खांबापाशी उभी असलेली बाई

त्या तापाने माझं दुसरं काही नेलं नाही, फक्त तोल नेला. उभी राहिले की घर गरगरायचं. एकदा भरली बादली घेऊन उंबऱ्यातच आडवी झाले, तेव्हापासून सून निशिगंधा तान्ही नात माझ्याकडे उभ्याने देईना. खाली बसा, भिंतीला टेका, मग मांडीवर घ्या. नात म्हणजे काय बसून निवडायचे तांदूळ आहेत? मला तिला खांद्यावर टाकून अंगणभर फिरवायचं होतं. सून चुकत नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

म्हणून मी पिंपळगावहून नांदुऱ्याच्या दवाखान्यात जाऊ लागले. तिथल्या पुष्पांजली मॅडम डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा बांधतात, कमरेला पट्टा लावतात आणि मऊ गादीवर उभं करतात. चष्म्यात अख्खा बाजार दिसतो. माणसं येतात-जातात, हातगाड्या अंगावर येतात, आणि आपण पडायचं नाही. डोकं फिरलं की रस्त्याच्या टोकाच्या खांबावर नजर धरा, तोल सावरेल, असं मॅडमनी सांगितलं.

खांब दिसला. त्याच्यापाशी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती. बाकीचे सगळे चालत होते, ती तेवढी जागची हलत नव्हती. माणूस समोर असताना खांबाकडे कोण बघतं? मी तिच्यावरच नजर धरली, आणि खरंच गरगर थांबली.

पुढच्या खेपेलाही ती तिथंच होती. मी मेली बोलकी. नजरानजर झालेल्या बाईशी न बोलता निघणं मला जमत नाही. बसस्टँडवर कुणालाही म्हणावं तसं मी तिला म्हणून गेले, "येजो वं बाई घरी, नात पाहाले."

मॅडम हसल्या, कोणाशी बोलता म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून तोच बाजार मला त्यांच्या पडद्यावर दाखवला. रस्ता होता, हातगाड्या होत्या, खांब होता. बाई नव्हती. सुरुवातीला भास होतात, असं काहीसं त्या बोलल्या, पण स्वतः पडद्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

त्यानंतर ती खांबापाशी राहिली नाही. दर खेपेला थोडी अलीकडे यायची, आणि मी सुधारत चालले. आता यायची गरज नाही, असं मॅडमनी सांगितलं त्याच दिवशी गावात बसमधून उतरताना पुन्हा सगळं फिरलं. मी घाबरून समोर पाहिलं, तर रस्त्याच्या टोकाला हिरवं लुगडं. पाय लगेच स्थिरावले. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. ती दिसली की तोल राहायचा, नाही दिसली की जायचा. घरी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर नात हातात कोणी दिली असती?

मग एका दुपारी मला न डगमगता पाणी भरताना बघून सुनेने आपणहून बाळ माझ्या खांद्यावर ठेवलं. ते ऊन ऊन अंग, तो तेलाचा वास. मी अंगणात आले आणि रडले. तशीच रडत फिरले.

फाटकाशी ती उभी होती. तिथून ती आत आली. पहिल्यांदाच चेहरा नीट दिसला, आणि त्यात राग नव्हता, काहीच वाईट नव्हतं. बाळ पाहायला आलेल्या बाईचा चेहरा होता. तिने पदर सावरला आणि दोन्ही हात पुढे केले. पाहायला आलेल्या बाईच्या हातात बाळ द्यायचं असतं. आणि बोलावलं तर मीच होतं.

मी नजर वळवली. अंगण गर्रकन फिरलं, बाळ खांद्यावरून घसरलं. कसंबसं सावरून पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा पाय स्थिर झाले, आणि ती हातभर अंतरावर होती.

"निशिगंधा," मी हाक मारली, "घे हिले. मले चक्कर येऊन राह्यली."

सून धावत आली आणि तिने बाळ ओढूनच घेतलं. "म्हनून देत नव्हती मी, आई," एवढंच म्हणाली. आता मांडीवरसुद्धा मिळणार नाही, हे मला कळलं. मी मात्र त्या अंगणात खुंटा ठोकल्यासारखी उभी होते, जराही हलत नव्हते.

बाळ आत गेलं. बाईने हात खाली घेतले आणि बाळ पुन्हा बाहेर यायची वाट बघणाऱ्या पाहुणीसारखी ओट्यावर निवांत बसली.