धोंड्याचा जावई आणि डाव्या पायाची पट्टी

सुज्ञ वाचकांस प्रथम विदित करण्यात येते की, पुढील मजकुरात एका मनुष्याने एकाच दिवशी पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तीन क्रिया कशा केल्या, आणि त्या करीत असता त्याच्या सासुरवाडीने निव्वळ प्रेमापोटी त्याचा कसा छळ मांडला, याचे यथातथ्य कथन येणार आहे. कोणाचाही उपमर्द करण्याचा यात हेतू नाही. हसू आल्यास अवश्य हसावे. परंतु ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो त्या दिवशी एकदाही हसला नव्हता, हे ध्यानी असू द्यावे.

लातूरच्या औसा रस्त्यावर मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान चालविणारा अंगद मूळचा किल्लारीचा. वय अडतीस. मनाने सरळ, हाताने कुशल. परंतु त्याच्या कपाळी एक शब्द जन्माचा चिकटला होता, तो म्हणजे ‘अर्धा’. बारावी त्याने अर्ध्यात सोडली. आयटीआय एका वर्षात सुटले. सैन्यभरतीत धावण्यात पहिला आला आणि राहिलेले कागद आणायला म्हणून गावी आला, तो परत गेलाच नाही. घराचा वरचा मजला चढवायचा म्हणून सळया उभ्या केल्या, त्या सळयांवर त्याची बायको शिवकन्या आज सात वर्षे कपडे वाळत घालीत होती. मित्र त्याला तोंडावर ‘अर्ध्या’ म्हणत. सासरे सटवाजी तसे म्हणत नसत, ते एवढेच म्हणत की, “जावई सोन्यासारखा हाय, फकत मधीच थांबतो.”

हे सारे अंगदने पचविले होते. परंतु चौथीत शिकणाऱ्या गीतांजलीने शाळेच्या फॉर्मात ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात सुवाच्य अक्षराने ‘अर्धे’ असे लिहिले, आणि बाईंनी ते बरोबर म्हणून स्वीकारले, तेव्हा ते मात्र त्याला पचेना. त्याच आठवड्यात त्याने नांदेडच्या एका क्रीडा मंडळाच्या स्पर्धेत नाव घातले. विष्णुपुरीच्या जलाशयात एक हजार नऊशे मीटर पोहायचे, तेथून नायगावच्या वेशीपर्यंत जाऊन परत अशी नव्वद किलोमीटर सायकल, आणि मग एकवीस किलोमीटर धावणे. तिन्ही मिळून साडेआठ तासांत. एक मिनिट जास्त झाले तरी माणूस बाद. चौदा महिने तो पहाटे उठला. पोहणे तर त्याला किल्लारीच्या विहिरीने लहानपणीच शिकविले होते.

येथे दैवाने पहिली थट्टा केली. या स्पर्धेचे नावच ‘हाफ’ होते, कारण पुरी स्पर्धा याच्या दुप्पट असते. सटवाजींना हे समजताच त्यांचा फोन आला.

“म्हंजे जावईबापू, हे बी अर्धंच का?”

“मामा, नाव हाफ हाय. काम पुरं हाय.”

“असंल, असंल. आमाला काय कळतंय त्यातलं.”

दुसरी थट्टा पंचांगाने केली. ते वर्ष अधिक श्रावणाचे होते. अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात जावई हा साक्षात विष्णू समजावा, त्याचे पाय धुवावेत आणि पुरणाचे तेहतीस धोंडे त्याला वाण म्हणून द्यावेत, ही आपली रीत. मागचा धोंडा टाळेबंदीत वाया गेला होता. या खेपेस सासूबाई सरस्वतीबाईंनी चार आमंत्रणे धाडली आणि चारही वेळा अंगदने सरावाचे कारण सांगितले. त्या माउलीने मनात काय ठरविले ते कोणासही कळले नाही. फक्त सासुरवाडी नायगावची होती आणि सायकल नायगावच्या वेशीवरून वळणार होती, एवढे वाचकांनी लक्षात ठेवावे.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे प्रत्येकाच्या डाव्या घोट्याला एक काळी पट्टी बांधण्यात आली. तीत एक चकती होती. वाटेत जागोजागी रबरी चटया अंथरल्या होत्या; पट्टीचा पाय चटईवर पडला की यंत्र ‘टिक्’ करी आणि त्या माणसाची वेळ आपोआप नोंदली जाई. मुख्य पंच गुलाम रसूल हे निवृत्त क्रीडाशिक्षक होते. यंत्रावर त्यांचा काडीइतकाही विश्वास नव्हता. त्यांनी प्रत्येक ठिकाणी आपली माणसे वह्या देऊन बसविली होती आणि स्वतःही काखेत एक जाड वही धरली होती. अंगदचा क्रमांक दोनशे चौदा.

सहाला शिट्टी झाली. गढूळ पाण्यात शेकडो माणसांचे हातपाय एकमेकांस लागत होते. विहिरीत पोहलेल्या अंगदला सरळ रेषेत पोहण्याची सवय नव्हती. तो दोनदा वळून पुन्हा काठाकडेच निघाला. तरी पंचावन्न मिनिटांत तो बाहेर आला, चटईने टिक् केले, आणि तो सायकलवर बसला. अंगात वारे भरल्यासारखी सायकल पळाली. नऊला दहा कमी असता नायगावच्या वेशीवरील चटईने टिक् केले. गुलाम रसूल तेथेच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि हात उंचावून म्हणाले, “शाबास! दम राखून चला.”

अंगद वळला. दोनशे पावलांवर रस्त्याच्या मधोमध सटवाजी दोन्ही हात पसरून उभे होते.

लिंबाच्या झाडाखाली पाट होता, पाटाभोवती रांगोळी होती, आणि दोन हलगीवाले जावई दिसताच सुरू झाले. अंगदने करकचून ब्रेक दाबले.

“मामा, बाजूला व्हा! टाइम चालू हाय माझा!”

“टाइम कुठं पळून चाललाय? पाच वर्सं झाली, आमी वाट बघून राहिलो.”

“मामी, तुमी तरी सांगा ह्यांना!”

“मी काय सांगू?” सरस्वतीबाई तांब्या घेऊन पुढे आल्या. “देव दारावरून चाललाय आन् मी नुसतं बघत बसू? दोन मिंटं. पाय धुते आन् सोडते.”

“पाय बुटात हायेत, मामी!”

“मग बूट काढा.”

वाद घालण्यात दहा मिनिटे जातील आणि पाय धुण्यात दोन, असा हिशेब अंगदने केला. येथेच त्याची चूक झाली. सासुरवाडीची दोन मिनिटे ही घड्याळातली नसतात. तो पाटावर बसला मात्र, सटवाजींनी हेल्मेट काढून त्याच्या डोक्यास फेटा गुंडाळण्यास आरंभ केला. कापड डोळ्यांवर आले. खाली पायांवर कोमट पाणी पडत होते, कोणीतरी बोटे चोळीत होते, हळद लावीत होते. वर सटवाजी फेट्याचा तुरा जमेना म्हणून तो पुन्हा सोडीत होते. डोळे बांधलेल्या बैलागत अंगद बसून राहिला.

“दोनशे चौदा!” लांबून गुलाम रसूलांची हाक आली. “लगीन हाय का शर्यत?”

“गुरुजी, तुमी बी या की धोंडे खायाला!” सटवाजींनी उलट हाक दिली.

अंगदने फेटा उपसून काढला, न बघताच मोजे ओढून बुटात पाय खुपसले, हेल्मेट चढविले आणि सायकल घेतली. मागून सरस्वतीबाई डबा घेऊन चार पावले धावल्या. एकूण एकोणीस मिनिटे गेली होती. वाटेत प्रत्येक चढावर तो दात खाऊन एकच वाक्य बोलत होता: “प्रेम करावं, पण माणूस बघून करावं का न्हाई!”

सव्वाअकराला तो विष्णुपुरीस परतला आणि चटईवरून गेला. चटई गप्प राहिली. तो मागे फिरून पुन्हा गेला. चटई गप्पच. तेव्हा त्याने मोजा खाली ओढून पाहिले. डाव्या घोट्यावर पट्टीच्या जागी हळदकुंकवाची दोन बोटे तेवढी उमटली होती.

यंत्रापाशी बसलेली पुनम नावाची कार्यकर्ती पडदा पाहून म्हणाली, “काका, तुम्ही तर अजून नायगावलाच आहात.”

“मी तुझ्यासमोर उभा हाय ना, बाई!”

“मला दिसता, पण यात दिसत नाही.”

शिवकन्या गीतांजलीला घेऊन तेथेच उभी होती. तिने ताबडतोब आईला फोन लावला. “आई, ह्यांच्या पायात काळी पट्टी व्हती, ती कुठाय?”

“ताटात हाय की,” पलीकडून शांत आवाज आला. “नजरंचा दोरा व्हता न्हवं? पाय धुताना काढला. लई जाड व्हता, टोचत आसंल. नवा वळून ठेवलाय.”

अंगदने दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. नेमका आताच तो अर्ध्यावर होता, आणि या वेळी त्याचे अर्धेपण यंत्रात पक्के नोंदलेले होते. गीतांजली त्याच्याकडे पाहत होती. 

“पुनमताई, वहीत तरी लिहा मी आलो म्हणून,” एवढे बोलून तो धावत सुटला.

ऊन चढले होते. ढग होते, पण ते केवळ उकाड्यास हातभार लावण्यापुरते. रस्ता जलाशयाला वळसा घालून साडेदहा किलोमीटर जाई आणि तसाच परत येई. परतीच्या वाटेवर मांड्यांत गोळे आले. तो थोडा धावे, थोडा चाले, आणि सासुरवाडीच्या सात पिढ्यांचे स्मरण करी. शेवटचे चार किलोमीटर राहिले असता पाण्यावरून भोंग्याचा आवाज स्पष्ट आला:

“क्रमांक दोनशे चौदा! अंगद, लातूर! वेळ सात तास पंचावन्न मिनिटे! स्पर्धा पूर्ण! जोरदार टाळ्या!”

अंगद जागीच उभा राहिला. आपण येथे, आणि आपण तेथे पोहोचलोसुद्धा!

घडले ते असे. पोरीचा फोन येताच सरस्वतीबाई घाबरल्या आणि ताट, पट्टी, डबा आणि नवरा घेऊन जीपने निघाल्या; जीप मिळायलाच दीड तास गेला होता. विष्णुपुरीस उतरून, जावई दिसतो का म्हणून, त्या ताट हाती धरून थेट शेवटच्या चटईवर जाऊन उभ्या राहिल्या. यंत्राने टिक् केले. नऊवारीतल्या सासूबाईंस टाळ्या पडल्या, आणि कोणीतरी गळ्यात पदकही घातले.

पुढच्या पाण्याच्या टेबलावरील पोराने मोबाइलात यादी पाहिली. “काका, तुमचं झालंय की! पूर्ण आलंय. कामून पळून राहिले? बसा, गाडीवर सोडतो.”

अंगदने त्या गाडीकडे पाहिले. सीट सावलीत होती. साडेआठ तास भरायला तीस मिनिटे उरली होती, आणि चार किलोमीटर त्याच्या पायांत राहिले असतील असे त्याला वाटत नव्हते. न धावता पूर्ण होण्याची अशी संधी त्याला आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. शाळेच्या फॉर्मातही तेच लिहिले गेले असते.

“अंगद पोचला असंल,” तो चिडून म्हणाला, “पण मी न्हाई पोचलो.” आणि तोंडावर पाणी मारून निघाला.

दोन वाजून सत्तावीस मिनिटांनी तो चटईवर आला. यंत्र चूप राहिले. भोंगाही चूप राहिला, कारण त्याच्या मते हा मनुष्य केव्हाच आला होता. टाळी एकटीच वाजली. ती गीतांजलीची होती.

गुलाम रसूल वह्या पसरून बसले होते. त्यांनी पोहण्याची वही पाहिली, नायगावची पाहिली, पुनमची पाहिली, धावण्याच्या वळणावरची पाहिली. सगळीकडे दोनशे चौदा होते.

“यंत्रात तुमचा टाइम लई झकास हाय,” ते चष्म्यावरून म्हणाले. “राहू द्यायचा का?”

“तो मामींचा हाय, सर. माझा लिहा.”

गुलाम रसूलांनी यंत्राच्या कागदावर रेघ मारली आणि बाजूला ‘८ तास २७ मिनिटे’ असे लिहून सही केली. “कलमाचं पक्कं असतं,” ते म्हणाले.

सरस्वतीबाईंनी आपल्या गळ्यातील पदक काढून जावयाच्या गळ्यात घातले. सटवाजींनी प्रशस्तिपत्र हाती घेतले, लांब धरले आणि अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले: “यांनी... अर्ध... अंतराची स्पर्धा... पूर्ण केली.” मग विचारात पडून म्हणाले, “जावईबापू, अर्ध पूर्ण? म्हंजे झालं का राहिलं?”

 अंगद झाडाखाली मांडलेल्या पाटावर बसला. पाट जीपमधून आणायला सरस्वतीबाई विसरल्या नव्हत्या. ताट समोर आले. पहिला धोंडा, दुसरा धोंडा त्याने खाल्ला. तिसरा अर्धा खाल्ला आणि उरलेला खाली ठेवला.

“अर्धा कामून ठेवला?” सरस्वतीबाईंनी विचारले.

 शिवकन्येने पदर तोंडाला लावला. अंगदने सासूकडे पाहिले, सासऱ्याकडे पाहिले, लेकीकडे पाहिले. गीतांजलीने बोटाने तो तुकडा त्याच्याकडे सरकविला. त्याने तो तुकडा उचलला, आणि संपविला.

हे कथन अंगदच्या तोंडून ऐकून, त्याच्याच अनुमतीने, यथाशक्ती शब्दबद्ध केले आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत. यास्तव शुद्धलेखनात न्यून राहिल्यास ते माझे, आणि कथेत काही गोड लागल्यास ते सरस्वतीबाईंच्या पुरणाचे समजावे. आपला अमोल वेळ दिल्याबद्दल सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
रेवणसिद्ध शिवमूर्ती बिराजदार
मु. पो. निलंगा, जि. लातूर